तुंगा मिस आणि शर्ट बेतणारा प्रोग्रॅम

म्हैसूरमधल्या कुवेंपुनगरातल्या आमच्या शाळेत तुंगा मिस कॉम्प्युटर शिकवायच्या. उंचीला बेताच्या, केसांत रोज दोन अबोलीची फुलं, आणि पायात आवाज न करणाऱ्या चपला. त्यामुळे त्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. गणितात एम.एस्सी. करायला निघाल्या होत्या, पण आईच्या दुखण्यात ते अर्धवट राहिलं. वर्गात त्या कन्नडमध्ये बोलायच्या. मी मराठी घरातली आहे हे कळल्यावर मात्र माझ्याशी हळूच मराठीत बोलू लागल्या.

२००४ साली मी नववीत होते. डिसेंबरमध्ये जिल्ह्याची विज्ञान स्पर्धा होती आणि कॉम्प्युटर विभागासाठी मिसनी मला निवडलं.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मिस, मी बोलणारा रोबो करते."

"सरी, बरं, कर की," त्या म्हणाल्या. "तो काय बोलणार?"

"काहीही. नमस्कार म्हणेल, नाव सांगेल."

"कोणाला?"

पुढच्या आठवड्यात मी भविष्य सांगणारा प्रोग्रॅम सुचवला, मग बुद्धिबळ. मिस एकदाही नको म्हणाल्या नाहीत. नुसत्या विचारायच्या, "त्यातलं तुला स्वतःला काय माहीत आहे, वनजा?" आणि माझी कल्पना तिथंच बसकण मारायची.

शेवटी मी चिडून म्हटलं, "मला काहीच माहीत नाही. आमच्या घरी फक्त शर्ट शिवतात!"

मिसनी खुर्ची ओढून घेतली. "अय्यो, मग तेच सांग ना मला."

माझे बाबा, फत्तेसिंगराव, नजरबादला शिंपीकाम करायचे. आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते असं घरात सांगायचे, पण बाबांच्या हातात मी कात्रीच पाहिलेली. शाळांचे गणवेश ते शिवायचे. मी मिसना सांगितलं की बाबा कापड अंथरतात, पाठ, पुढचे भाग, बाह्या, कॉलर यांचे कागदी नमुने त्यावर सरकवत बसतात, आणि कमीत कमी कापड लागेल असे बेततात. कसं, ते त्यांना विचारलं तर म्हणतात, दिसतं.

"त्यांना दिसतं ते कॉम्प्युटरला दिसेल का?" मिसनी विचारलं. माझा विषय ठरला.

मुख्याध्यापक नरसिंहमूर्ती सरांना तो मुळीच आवडला नाही. दुसऱ्या शाळा दिवे लागणारे, हात हलवणारे रोबो तयार विकत आणतात, हे त्यांना ठाऊक होतं. "तुंगा मॅडम, आपणही एक आणू. शर्ट काय दाखवायचा परीक्षकांना?"

मिस कोणाशी वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र माझ्यासमोर म्हणाल्या, "सर, विकत आणलेल्या रोबोबद्दल परीक्षकांनी काही विचारलं, तर या मुलीनं खोटं बोलायचं का? ते मी तिला शिकवणार नाही. हवं तर माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवा." त्यांचा पदर हातात चुरगळला होता. सर म्हणाले, "तुमची जबाबदारी."

दोन महिने आम्ही खपलो. आलेखाच्या कागदावर नमुने उतरवले, चौकोन मोजले, प्रोग्रॅम लिहिला. दहा शर्टांचं बेतणं सोडवायला लॅबमधलं यंत्र अर्धा तास गुरगुरायचं. पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा मी ते धावत बाबांकडे नेलं. त्यांनी तेच दहा शर्ट कापडावर मांडले. माझ्या प्रोग्रॅमला अकरा इंच कापड जास्त लागत होतं.

मी रडले. दुसऱ्या दिवशी मिसनी विचारलं, "बाबांनी वेगळं काय केलं, ते पाहिलंस का?" पाहिलं नव्हतं. पुन्हा गेले, शेजारी बसले. बाबा मधूनच एखादा नमुना उलटा फिरवत होते. ते मी प्रोग्रॅमला शिकवलंच नव्हतं. शिकवलं, तर फरक तीन इंचांवर आला, पण त्याखाली काही केल्या उतरेना.

"हे तीन इंच स्पर्धेच्या तक्त्यावर लिही," मिस म्हणाल्या. "मोठ्या अक्षरांत."

स्पर्धेच्या दिवशी आमच्या शेजारच्या टेबलावर एक रोबो हात हलवत होता आणि सगळी गर्दी तिथं होती. परीक्षक प्राणेश सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. तक्ता वाचून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझा प्रोग्रॅम हरतो?"

"हो सर. माझ्या प्रोग्रॅमला प्रत्येक तुकडा आलेखाच्या मोठ्या चौकोनांनी बनलेला दिसतो. बाहीच्या वरचा गोलावा त्याला कळत नाही. बाबा त्या गोलाव्याच्या खाचेत कॉलर बसवतात."

"बाबा आले आहेत?"

इस्त्रीचा शर्ट घालून बाबा भिंतीला चिकटून उभे होते. प्राणेश सरांनी त्यांना बोलावलं आणि स्वतः स्टुलावर बसले. बाबांनी वर्तमानपत्राचे नमुने कापले आणि टेबलावर सरकवत राहिले. वीस मिनिटं ते सांगत होते आणि सर वहीत लिहून घेत होते. घरी चार वाक्यं न बोलणारे माझे बाबा! मी मिसकडे पाहिलं. त्या चष्मा काढून पुसत होत्या, आणि पुसून झाला तरी पुसतच होत्या.

आमचा तिसरा नंबर आला. पुढच्या फेरीला रोबो गेला. नरसिंहमूर्ती सर "मी सांगितलं होतं" म्हणाले खरे, पण प्रमाणपत्र त्यांनी आपल्याच खोलीत लावून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी मिस नजरबादला आमच्या दुकानात आल्या. पिशवीत दोन मीटर निळं कापड होतं.

"फत्तेसिंगराव, मला बेतायला शिकवा."

"मिस, तुम्ही शिकणार? माझ्याकडून?" बाबा उठून उभेच राहिले.

"मग कोणाकडून?"

उन्हाळा लागेपर्यंत त्या दर रविवारी आल्या. बाबा त्यांना "मिस" म्हणत आणि त्यांच्या चुका मात्र शिकाऊ माणसासारख्या उसवायला लावत. अखेर मिसनी आपल्या भावासाठी एक शर्ट शिवला. डावी बाही बोटभर लांब झाली होती. बाबा ती दुरुस्त करून देतो म्हणाले, पण भावानं ऐकलं नाही, तसाच घालून ऑफिसला गेला.