बोटांकडे बघा

ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं फाकवून. आमच्या मंडळाच्या कुठल्याही जेवणाला तुम्ही आला असतात, तर भाऊंची ही सवय पाच मिनिटांत तुमच्या लक्षात आली असती. तोंडाने "नको, नको बाप्पा, बस झालं" चालू, आणि बोटांमध्ये एवढी फट की अख्खा गुलाबजाम त्यातून खाली पडावा. वाढणारी नवी असली तर बिचारी खरंच पुढे जायची. भाऊ मान वळवून तिच्याकडे बघत राहायचे. मग शेजारचं कोणीतरी म्हणायचं, "अहो ताई, तोंडाकडे नका बघू, बोटांकडे बघा."

इथे कॅनडात, एडमंटनला, आम्ही दोघं एकाच ऑफिसात. भाऊ माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ते इमारतींचे नकाशे तपासायचे आणि मी त्या इमारतींत जाऊन आगीचे अलार्म वाजतात की नाही ते बघतो. माझा धंदाच भीतीचा, आणि माणूसही मी जात्याच भित्रा. बर्फ पडला की मी गाडीला हात लावत नाही, म्हणून हिवाळाभर भाऊ मला घरून घेऊन जायचे. गाडीत बसलो की आधी डबा उघडायला लावायचे. "खा अर्धी पोळी. उपाशी पोटी काय गाडी पळते?" गाडी मी चालवत नाहीये, हे सांगून काही उपयोग नसायचा.

एकदा सिग्नलला थांबलो असताना मी विचारलं, "भाऊ, सरळ 'वाढा' म्हणत का नाही? हे बोटांचं नाटक कशाला?"

काचेवरचा बर्फ वायपरने सरकायची वाट बघत ते म्हणाले, "माझ्या बापाले कोणी कधी आग्रह केला नाही रे. गावात लग्न असलं की आमची माणसं गोठ्यापाशी बसत. सगळ्यात शेवटी वाढत, अन् तेही वरून. आणखी पाहिजे का, म्हणून कोणी विचारलं नाही. आता मले विचारतात. विचारणं दोनदा ऐकू येते ना अशानं." मग हसले आणि गाडी पुढे काढली. माझे आजोबाही तसेच कुठेतरी गोठ्यापाशी बसले असणार. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून भाऊंना खाताना अडवायचं माझं धैर्यच गेलं. आणि अडवायला तर हवं होतं. त्यांना शुगर होती, बीपी होतं, डॉक्टरने दोनदा दम भरला होता. घरी वहिनी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजीवर त्यांना धाकात ठेवायच्या, आणि बाहेर मंडळाची जेवणं ते सगळं धुऊन काढायची.

तर अशा माणसाला घेऊन मी मेक्सिकोला गेलो. इथे फेब्रुवारी आला की अर्धं एडमंटन तिकडच्या समुद्राकाठी जाऊन पडतं. हॉटेलवाले मनगटाला एक पट्टी बांधतात, ती असली की आठवडाभर कुठेही, काहीही, कितीही खा. मी, बायको आणि आमची मुलगी जाणार होतो. वहिनी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे मिल्टनला होत्या आणि भाऊ घरी एकटेच होते. वहिनींचाच फोन आला. "त्यांना तुमच्याबरोबर घेऊन जा. पण लक्ष ठेव हं. तू घाबरट आहेस, म्हणून तुझ्यावर भरवसा आहे."

हे माझं आयुष्यातलं एकमेव प्रमाणपत्र. मी छाती फुगवून हो म्हटलं.

पहिल्या सकाळी भाऊ त्या जेवणाच्या हॉलच्या दारात उभे राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलं मांडलेली. हात पाठीमागे बांधून त्यांनी एक फेरी मारली, जसा नकाशा तपासायचे तशी. मग मला हळूच विचारलं, "वाढणारं कोण आहे?"

"कोणी नाही. आपणच घ्यायचं."

"आपला हात, आपलं ताट," भाऊ म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही दोन मिनिटं बरं वाटलं.

दोनच मिनिटं. पुढे चार दिवस मी जे पाहिलं ते असं. सकाळी ऑम्लेट, मग बेकनचा ढीग, मग पॅनकेक. अकरा वाजता बीचवर तळलेले मासे. दुपारी कोळंबी, भात, पुन्हा कोळंबी. संध्याकाळच्या जेवणाआधी नाचो, जेवणानंतर तीन तऱ्हेचे केक. लोकांना वाटायचं माणूस पैसे वसूल करतोय. तसं नव्हतं हो. उजव्या हाताने स्वतःलाच वाढून घ्यायचे आणि डावा हात ताटावर आडवा. "नको, नको बाप्पा" असं स्वतःशीच पुटपुटत बोटांच्या फटीतून केक आत सोडायचे. माझी बायको हसून हसून लाल झाली. आमच्या लगतच्या सस्कॅचवान प्रांतातला एक धिप्पाड शेतकरी शेजारच्या टेबलावर असायचा, त्यालाही भाऊंनी हा खेळ शिकवला. "वन मोअर, फॉर मी," म्हणत त्याच्या ताटात कोळंबी टाकायचे, आणि तो गोरा माणूस आपला पंजा ताटावर धरून "नको, नको" म्हणायचा.

मला हसू येत नव्हतं. मी भाऊंच्या खोलीत जाऊन गोळ्यांची डबी बघितली. रविवारचा कप्पा भरलेला, सोमवारचाही भरलेला. "सुट्टीवर आलो ना. गोळ्यांनाही सुट्टी," भाऊ म्हणाले. मी समोर उभं राहून त्यांना गोळ्या घ्यायला लावल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढताना ते मध्येच थांबले, छाती चोळली आणि म्हणाले, "गॅस आहे." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाले, "इथला डॉक्टर काय करेल? खाऊ नका म्हणेल. ते तर तूच म्हणतोस फुकटात."

बायको मला म्हणाली, "अरे, समोर समुद्र आहे, निदान एकदा बघ तरी." पण मी समुद्राकडे पाठ करून बसायचो, म्हणजे भाऊ दिसत राहायचे.

रोज संध्याकाळी वहिनींचा फोन यायचा. "जेवण कंट्रोलमध्ये आहे ना रे?"

"हो वहिनी. सॅलड खातात."

खोटं नव्हतं. सॅलड असायचं ताटात, कोळंबीच्या खाली.

चौथ्या दिवशी दुपारी माझा बांध फुटला. भाऊ तिसरं ताट घेऊन टेबलाकडे येत होते. हॉलमध्ये एसी एवढा की माझी मुलगी स्वेटर घालून बसलेली, आणि भाऊंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ओठ पांढरे पडले होते. मी उठलो, आडवा गेलो आणि त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. "पुरे झालं आता," असं मोठ्याने म्हटलं. माझे हात इतके थरथरत होते की कोळंबी खाली सांडली. मागे ताटं घेतलेली माणसं खोळंबून उभी राहिली.

भाऊ रिकाम्या हातांनी तसेच उभे होते. ते अजिबात चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "हातातलं ताट नाही घेत बाप्पा कोणाचं." आणि बाहेर जाऊन समुद्राकाठच्या खुर्चीवर बसले.

ते ताट मी खरकट्याच्या ट्रेमध्ये ठेवलं, आणि मग मला कळलं मी काय केलं ते. त्यांच्या बापाला वरून वाढणाऱ्यांनी निदान वाढलं तरी होतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी भाऊ जेवायला उशिरा आले. ताटात काकडीचे चार काप आणि पपईच्या दोन फोडी. खाली मान घालून हळूहळू खात होते. मी बघितलं आणि मनात म्हटलं, रुसले. आता आपल्याकडे जेवणावर रुसलेल्या माणसाचं काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. आपण 'चुकलो' असं तोंडाने म्हणत नाही. वाटी घेऊन त्याच्यापुढे उभे राहतो.

तिकडे भाताची एक खीर असते, वर दालचिनी घातलेली. मी वाटीभर घेतली आणि भाऊंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. "भाऊ, घ्या ना थोडी. माझ्यासाठी."

त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "नको रे."

बोटं मिटलेली होती.

मी ती पाहिली. दिवसभर अलार्मचे लाल दिवे बघत फिरणारा माणूस मी, मला दिसली नाहीत असं कसं म्हणू? पाचही बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली, ताटावर झाकण ठेवावं तशी. इतक्या वर्षांत ती मी तशी कधी पाहिली नव्हती. पण मला वाटलं, राग मोठा आहे, म्हणून फट नाही. मी म्हटलं, "कालचा राग धरलाय ना माझ्यावर? एक चमचा घ्या. नाहीतर मी समजेन राग गेला नाही."

भाऊंनी मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग हसले आणि बोटं थोडी, अगदी चमचा जाईल एवढी, दूर केली. मी एक चमचा वाढला. सुटल्यासारखं वाटलं, म्हणून त्या आनंदात आणखी एक. त्यांनी ताट पुसून खाल्लं. "चांगली आहे," म्हणाले. "आपली खीरच आहे."

अर्ध्या तासाने बागेतल्या पायऱ्यांवर ते खाली बसले. मी चार पावलं मागे होतो. या वेळी त्यांनी 'गॅस' म्हटलं नाही. माझा हात धरला आणि म्हणाले, "काही तरी होऊन राहिलं रे मले." त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. अ‍ॅम्ब्युलन्सचा माणूस स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारतोय आणि मी इंग्रजीत, हिंदीत, शेवटी मराठीत त्याला सांगतोय. छाती, शुगर, गोळ्या. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये माझी मुलगी विचारतेय, "बाबा, is he going to be okay?" आणि मला तिला खोटंसुद्धा सांगता येत नाहीये, कारण दातावर दात आपटताहेत. दिवस मावळायच्या आत भाऊ गेले. डॉक्टरला थोडं इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, हे एका दिवसाचं नाही, बरेच दिवस चालू होतं. मग दुपारी काय खाल्लं ते त्याने विचारलं. मी म्हटलं, फळं.

वहिनींना फोन मीच केला. पलीकडे नातवाच्या रडण्याचा आवाज येत होता. वहिनींनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "जेवले होते का रे ते?"

"हो."

"काय?"

"पपई," मी म्हटलं. "काकडी."

एडमंटनला हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दाराशी बर्फाच्या बुटांची रास पडली होती. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींशेजारी भाऊंचा फोटो. वंदना झाली, लोक बोलले, भाऊंच्या बोटांची गोष्ट प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितली आणि सगळा हॉल रडता रडता हसला. मी तोंड उघडलं नाही. वहिनी माझ्याकडे बघताहेत असं वाटलं की मी तसबिरींकडे बघायचो. त्या विचारतील याची मला इतकी भीती वाटत होती की दोनदा वॉशरूममध्ये जाऊन आलो.

जेवणं सुरू झाली. सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी वहिनी स्वतः वाढायला उठल्या. हातात खिरीचं पातेलं. एकेका ताटापाशी थांबत माझ्यापर्यंत आल्या. मी हात आडवा धरला.

"त्या दिवशी सकाळी फोन आला होता त्यांचा," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणाले, काल पोरानं माझ्या हातचं ताट घेतलं. मी म्हटलं, मग भांडलात का? तर म्हणाले, नाही ना. हात थरथरत होते त्याचे. माझ्या खाण्याले आजवर सगळे हसले, हा पहिलाच भ्याला. आजपासून सांभाळून खातो." त्यांनी पदराने डोळे पुसले. "शेवटच्या दिवशी तरी पथ्य पाळलं बघ त्यांनी. तुझ्यामुळे."

मी मान वर केली नाही. ताटावरचा माझा हात तसाच होता, बोटं मिटलेली. वहिनींनी ती क्षणभर बघितली आणि पुढच्या ताटाकडे गेल्या. त्यांनी आग्रह केला नाही.

वहिनी आता मिल्टनलाच असतात. मराठी काही छापलेलं हाती लागलं की वाचल्याशिवाय ठेवत नाहीत, तेव्हा हेही वाचतील. मला अजून भीती वाटते. आमच्याकडे कोणी जेवायला आलं की मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, वाढायचं बायकोवर सोपवतो.

वहिनी, त्या दिवशी भाऊंनी पथ्य पाळलं होतं. त्यांची बोटं मिटलेली होती. मी वाटी घेऊन उभा राहिलो, आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ती उघडली.