जावयाचं लेगपीस

हसनाबादच्या गोजरबाईंचं नाक साऱ्या गावाला ठाऊक. शेजारचं दूध नासणार हे शेजारणीआधी यांना कळायचं. असल्या बाईच्या दारासमोर लेकानं, कल्याणनं, ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड घातलं, म्हणजे देवानं कुठला तरी सूडच उगवला.

आखाड लागला आणि शेडमधले पक्षी बसले ते उठेचनात. पाय वाकडे, सांधे लिंबाएवढे सुजलेले, पोट आपल्याच घाणीत. डॉक्टर सांगून गेले, सांध्यात जंतू शिरलेत, पक्ष्यांखालचं ओलं तूस बदला, आजारी पक्षी मारून पुरून टाका. कल्याणनं पुरलं काहीच नाही. गोठ्यामागं बसून तो एकेकाला कापायचा, दोन्ही तंगड्या मांडीपासून छाटून फेकायचा आणि उरलेलं भोकरदनच्या एका ठोक दुकानदाराला पोचतं करायचा. एकदा छाटताना सांधा फुटला आणि घट्ट पिवळा पू गोजरबाईंच्या पावलावर उडाला. त्या तिथंच भडाभडा ओकल्या.

"लोकाच्या पोटात हे घालून राह्यलास?"

"पाय फेकून देऊन राह्यलो ना माय. बाकीचं बिलकुल चांगलं असतं."

"मंग तू खा."

"आपण कशाला खायचं?"

शी! पोटचा गोळा, पण किळस आली त्याची. गोजरबाईंनी पाऊल राखेनं घासून काढलं.

रविवारी नवे जावई मिथुनराव जेवायला आले, सोबत व्याही रामराव. जावयाच्या ताटात लेगपीस पडलं नाही, तर वर्षभर लेकीला टोमणे खावे लागणार, एवढे हे व्याही मानापानाचे. 'शेडातला पक्षी माझ्या पातेल्यात न्हाई' असं गोजरबाईंनी बजावलेलं. म्हणून कल्याणनं भोकरदनच्या दुसऱ्याच दुकानातून साफ केलेल्या कोंबड्या आणल्या. पाहुणे ओसरीवर बसले आणि गोजरबाईंनी पिशवी परातीत ओतली. छाती होती, पंख होते. तंगडी एकही नव्हती. मांडीपाशी कल्याणच्याच हातचा वेडावाकडा घाव.

पानं वाढली. पाहुण्यांच्या ताटात पिठलं-भाकरी. कोंबडीचा रस्सा एकट्या कल्याणपुढं.

रामरावांचा चेहरा उतरला. "विहीणबाई, जावयाला पिठलं अन् लेकाला कोंबडी?"

"आमच्याच शेडची हाय, दादा. लंगडी, पू झालेली. फिरून घरी आली." गोजरबाई लेकाकडं वळल्या. "खा. बिलकुल चांगलं असतं न्हाई का?"

कल्याणचा हात ताटात तसाच राहिला. रामरावांनी एकदा त्या रश्श्याकडं पाहिलं, नाकाला उपरणं लावलं आणि आपलं पिठल्याचं ताट जवळ ओढलं.