चाचा आणि काकवीचा वास

चाचांकडे गाडी नेली की ते बॉनेटकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. फडक्याला हात पुसत यायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "गाडीत कोन कुठं बसतंय?" नवीन गिऱ्हाईक गोंधळून जाई. आवाज इंजिनात, आणि हा माणूस घरच्यांची चौकशी करतोय! पण उत्तर मिळाल्याशिवाय चाचा पान्याला हात लावत नसत.

त्यांचं गॅरेज कासारवाडीत, रेल्वे फाटकापासून दोन गल्ल्या आत होतं. वर पत्रा, पुढे एक कडुलिंब. चाचा मूळचे लातूरकडचे. वीस-पंचवीस वर्षं इकडे राहूनही त्यांचं "करायलाव", "जायलाव" सुटलं नव्हतं. मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते मुलीकडे गावी गेले. आता गॅरेजच्या जागी सीटकव्हरचं दुकान आहे.

त्यांचं एक म्हणणं होतं, "तक्रार कधी खोटी नसती. फक्त पत्ता चुकलेला असतो." दापोडीच्या एका मास्तरांच्या सासूबाईंना गाडीत मागे टकटक ऐकू यायची. मास्तरांना येत नव्हती, दोन मेकॅनिकांनाही आली नाही. म्हातारीचं वय झालं, असा निकाल लागला. चाचा मागच्या सीटवर आजींच्या जागी बसले, आजींच्या उंचीएवढे खाली घसरले आणि मास्तरांना फाटकाकडे चक्कर मारायला लावली. सीटबेल्टचं मोकळं बक्कल दाराच्या पत्र्यावर आपटत होतं, नेमकं त्यांच्या कानाशी. पुढच्या उन्हाळ्यात आजींनी चाचांना डबाभर कुरडया पाठवल्या.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती वैशालीमुळे. वैशाली म्हणजे माझी बायको. तेव्हा तिची केमो चालू होती. दर तीन आठवड्यांनी मी तिला सांगवीहून चिंचवडच्या हॉस्पिटलात न्यायचो. एके दिवशी गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "काकवी सांडलीये का कुठे? गोड गोड वास येतोय." मला काही येत नव्हता. पुढच्या वेळी तिला त्याच वासाने मळमळलं, त्याच्या पुढच्या वेळी रस्त्यात उलटी झाली.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिसलं आणि मोजता आलं तर दोष, नाहीतर ओके, ही माझी उभ्या आयुष्याची शिस्त. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी वर उचलून पाहिली. गोड वास कूलंटचाच, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचाच असतो, पण गळती कुठेच नाही, म्हणाले. मीही घरी गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. शहाण्यासारखा मी तो तिच्या पलंगापाशी नेऊन दाखवला. "हे बघ, एक थेंब नाही. औषधांनी होतं असं, डॉक्टर म्हणालेच होते." तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. त्यानंतर तिने वासाचं नावच काढलं नाही. नाकाला ओढणी लावून बसायची. मी आरशाला लिंबाच्या वासाची बाटली टांगली, त्याने तिला आणखीच त्रास झाला.

शेवटी शेजाऱ्यांनी चाचांचं नाव सांगितलं. मे महिना होता. चाचांनी आधी ती लिंबाची बाटली काढून माझ्या हातात दिली. "हे म्हंजे ताप आल्यावर तोंडाला पावडर." मग नेहमीचा प्रश्न. मी सांगितलं, मी चालवतो, बायको शेजारी. वास तिलाच येतो, आजारी आहे ती.

"तुमची काच?"

"थोडी खाली असते नेहमी."

"आन ताईंची?"

"बंद. तिला वारं सोसत नाही."

चाचा वैशालीच्या जागी बसले. सगळ्या काचा वर घ्यायला लावल्या, इंजिन चालू ठेवलं आणि हीटर पूर्ण फिरवला. मे महिन्यात! आपल्याकडे हीटर लावतो कोण? मला तर गाडीला तो आहे याचाच विसर पडला होता. घामाच्या धारा लागल्या, पण चाचा डोळे मिटून स्वस्थ. दहा-पंधरा मिनिटांनी माझ्याही नाकाला तो वास आला. गरम काकवीचा.

चाचांनी तिच्या पायाखालची मॅट उचलली, खालच्या गालिच्यावर वर्तमानपत्र ठेवून तळव्याने दाबलं. कागदावर हिरवट, चिकट डाग उमटला. डॅशबोर्डच्या आतली, कूलंट फिरणारी हीटरची कॉइल पाझरत होती. पाणी खाली रस्त्यावर येतच नव्हतं, आतल्या आत तिच्या पायाखाली मुरत होतं. माझा पुठ्ठा दहा वर्षं अंथरला असता तरी कोरडाच राहिला असता.

"करून टाका चाचा," मी म्हणालो.

"करतो. आदी ताईला फोन लावा."

"संध्याकाळी सांगतो ना घरी गेल्यावर."

"संध्याकाळी नाई. ज्यानं तक्रार केली त्याला पयलं कळलं पायजे. मंग मी पाना धरतो." एवढं बोलून ते नळावर हात धुवायला निघून गेले.

मी कडुलिंबाखाली उभं राहून फोन लावला. "वैशाली, वास होता. तुझं बरोबर होतं. चुकलं माझं."

ती म्हणाली, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे ना अजून?"

"आहे."

"बरं. येताना पाव आण."

त्यानंतर ती चार महिने होती. गाडीत ओढणी लागत नव्हती. काचेला डोकं टेकून झोपायची.

ती गेल्यावर मला काही वाटलं नाही. असं लिहायला बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. दिवस-कार्य झालं, मी पहिल्या शिफ्टला जाऊ लागलो, डबा खाल्ला, पार्ट तपासले, सह्या केल्या. लोक जपून बोलायचे. मला त्याची गरजही वाटत नव्हती. दीड-दोन महिन्यांनी गाडी बाहेर काढली आणि मला काकवीचा वास आला. मी सरळ कासारवाडी गाठली.

"चाचा, वास येतोय परत."

"कोन कुठं बसतंय?" त्यांनी सवयीने विचारलं.

"मी एकटाच," मी म्हणालो. "वैशाली गेली."

चाचांनी मला स्टिअरिंगपाशी बसवलं आणि स्वतः तिच्या जागी बसले. त्यांनी काचा वर घेतल्या, इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण फिरवला. तिच्यासाठी केलं तसंच सगळं, काही गाळलं नाही. शेवटी मॅट उचलून कागद दाबला आणि बाहेर काढला.

कागद कोरडा होता. मला दिसला तो. आता हा माणूस म्हणेल, काही नाही, मनाचे खेळ. मीही तेच तर म्हणालो होतो, पुठ्ठा हातात धरून.

चाचांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "तुमाला वास यायलाय ना?"

"येतोय."

"मंग तक्रार खरी हाय. गाडीत नाई, एवढंच."

ते उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढची तिची जागा रिकामी राहिली. हीटर त्यांनी बंद केला नाही. "बसा जरा," म्हणाले, "कुनी बघत नाई."

त्या उकाड्यात, बंद काचांच्या आत, वैशाली गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडलो. आवाज करून रडलो. चाचा मागे बसून होते. त्यांचा शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटलेला मला आरशात दिसत होता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "साहेब, आता काच खाली घ्या."