मुनग्याची पूड

बोरी अरबच्या बाजारात पुष्पा मुनग्याच्या पाल्याची पूड विकायची. शेवग्याला तिकडे मुनगाच म्हणतात. यवतमाळच्या एका कॉलेजात ती पूड तपासली, तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या, सावलीत वाळवल्यामुळे अँटिऑक्सिडंट चांगले टिकलेत, शरीराची झीज कमी व्हायला त्यांची मदत होते. बाजारात हे सांगताना पुष्पा पदरचं एक वाक्य जोडायची, "साखरेलेबी गुण येते."

एका दुपारी शेजारच्या मैनाबाई धावतच आल्या.

"पुष्पा, काकायले पाह्य वं! सकायपासून नुसतं पाणी पेऊन राह्यले, आता भलतंच बोलून राह्यले."

मैनाबाईंचे नवरे किसनराव खाटेवर पडले होते. ओठ सुकलेले, नजर कुठेच ठरत नव्हती. फळीवर पुष्पाच्या पुडीचं पाकीट होतं, बाजूला साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची पट्टी, न फोडलेली.

"काकू, गोया कवापासून बंद हायेत?"

"दिवाळीपासून. तूच तं म्हणलतं, गुण येते म्हून."

पुष्पाने गावातल्या गुलाबसिंगचा ऑटो बोलावला. दारव्ह्याच्या दवाखान्यापर्यंत किसनरावांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती सारखी "काका, ओ काका" म्हणत राहिली. अर्ध्या रस्त्यात त्यांनी ओ देणं बंद केलं.

दवाखान्यात साखर इतकी निघाली की यंत्रावर आकडाच उमटेना. डॉक्टरांनी विचारलं, "औषध काय चालू होतं?"

मैनाबाई रडत होत्या. पुष्पा गप्प बसली असती, तर पुडीचं नावही निघालं नसतं.

"माही पूड घेत होते," ती म्हणाली. "गोया सोडल्या. साखरेले गुण येते म्हून मीनंच सांगतलतं."

डॉक्टर सलाईनकडे वळले. मैनाबाईंनी मात्र तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दिवेलागणीला किसनरावांनी डोळे उघडले, बायकोला नावाने हाक मारली. पुष्पा दाराशीच उभी होती. मैनाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "जा आता घरी."

दुसऱ्या दिवशी तिने पूड विकायला काढलीच नाही. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन सांगत सुटली, "हे खायची भाजी हाय, औषध नोहे. चालू गोई सोडू नका."

कुणी हसलं, कुणी पैसे परत मागितले. गावाच्या टोकाला रामीबाईने मात्र ऐकून मान खाली घातली.

"माह्यावाल्या गोयाबी बंदच हायेत वं."

पुष्पाने तिचा हात धरला. "उठ मावशी. आताच जाऊ दवाखान्यात."