इन्स्पेक्टर आणि जोशीबुवांची सॅक

इन्स्पेक्टरने दुकानातली समोरची दुधाची पिशवी कधी उचलली नाही. शेल्फमध्ये कोपरापर्यंत हात घालून तो मागची पिशवी काढायचा, चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाचायचा आणि मग तीही ठेवून शेजारची घ्यायचा. "पुढं ठेवतात ती खपवायची असते, लायब्ररी," तो मला सांगायचा. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून माझे नाव लायब्ररी. त्याला इन्स्पेक्टर हे नाव आम्ही कॅनडातल्या, ऑटावाच्या कनाटा उपनगरातल्या मराठी मंडळींनी दिले होते. तो एका टेलिकॉम कंपनीच्या तपासणी विभागात होता. दुसऱ्यांनी बनवलेल्या यंत्रांत खोट शोधायची, हे त्याचे काम, आणि ते काम तो संध्याकाळी घरीही घेऊन यायचा.

कोणी काहीही सांगितले की त्याचा प्रश्न ठरलेला असे: "बघितलंस की ऐकलंस?" अमक्याची मुलगी डॉक्टर झाली म्हटले तरी हाच प्रश्न. बातम्यांत बर्फाचे वादळ सांगितले की तो मुकाट्याने विंटर टायर लावून यायचा, पण वादळावर विश्वास ठेवायचा नाही. शैलावहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, "भाऊजी, लग्नाआधी ह्यांनी माझी पत्रिका नाही मागितली. शाळेचा दाखला मागितला." आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण नाकारायचा नाही. तीस वर्षे आम्ही असे हसलो. हे हसणे आधी सांगायला हवे, कारण आमची चूक तिथेच झाली.

निवृत्तीनंतर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅब्राडोरच्या उत्तर टोकाच्या डोंगरांत पायी हिंडायची कल्पना माझी. तरुणपणी आम्ही दोघांनी सह्याद्रीत पुष्कळ पायपीट केली होती. पुन्हा एकदा जमते का ते पाहावे, इतकेच माझ्या मनात होते. इन्स्पेक्टरने सबंध हिवाळा त्या ट्रेकची चौकशी केली आणि शेवटी, काही सापडत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, अशा समाधानाने पैसे भरले.

ती इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन. ऑगस्टमध्येही डोंगरांच्या खाचांतून जुना बर्फ, झाडे घोट्याएवढी, आणि कुठेही पांढरे अस्वल येण्याची शक्यता. आम्ही सहाजण होतो. आमचा वाटाड्या जोशुआ नावाचा पन्नाशीचा इनुइट गृहस्थ होता. खांद्यावर बंदूक, बोलणे मोजके. इन्स्पेक्टरने पहिल्याच दिवशी त्याचे जोशीबुवा करून टाकले.

"बंदूक जोशीबुवांकडं, नकाशा जोशीबुवांकडं, फोन जोशीबुवांकडं," तो मला म्हणाला. "आपल्याकडं काय आहे, लायब्ररी?"

"मेतकूट," मी म्हणालो.

"कुठाय? तेही त्यांच्याच डब्यात."

हे खरे होते. वासाने अस्वल येऊ नये म्हणून खाण्याची प्रत्येक वस्तू झाकण आवळलेल्या पिंपात, तंबूपासून लांब ठेवावी लागे. किल्लीसारखे एक चाक फिरवले की झाकण उघडायचे. ते कसे उघडते याचा इन्स्पेक्टरने आल्या आल्या कसून अभ्यास केला.

जोशुआला "आज कुठवर पोहोचू?" असे विचारले की तो म्हणे, "पोहोचलो की कळेल." इन्स्पेक्टरला हे खटकायचे. "हा माणूस कशाला बांधून घेत नाही," तो कुजबुजायचा. चालताना तो मागे वळून डोंगर मोजायचा. एकदा म्हणाला, "हा सुळका काल डावीकडं होता." मी हसलो. आम्ही दिशा बदलली होती, सुळका उजवीकडेच यायला हवा होता. आयुष्यभर नकाशे वाचलेल्या माणसाला हे कळू नये, याचे मला आश्चर्य वाटायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी एका खाडीजवळ गवतात दगडांची वर्तुळे दिसली. जुन्या काळी कातडी तंबूंच्या कडा दाबून धरायला ठेवलेले दगड. जोशुआ तिथे बराच वेळ उभा राहिला. "माझ्या आजीचं लहानपण इथलं," तो म्हणाला. "मग बाहेरून माणसं आली, चांगलं चांगलं बोलली आणि सगळ्यांना दक्षिणेला घेऊन गेली."

"कागद दाखवले होते का त्यांनी?" इन्स्पेक्टरने विचारले.

जोशुआने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले. "आजीनं अगदी हेच विचारलं होतं."

इन्स्पेक्टरने आपल्या थर्मासमधला चहा त्याला दिला. हा मान तो सहसा कोणाला देत नसे. मला वाटले, आता जमले ह्यांचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे घड्याळ सापडेना. कंपनीने निवृत्तीला दिलेले, जाड पट्ट्याचे घड्याळ.

"तंबूत बघ नीट," मी म्हणालो.

"बघितलं. काल संध्याकाळी आपल्या तंबूचे दोर कोण आवळत होतं? जोशीबुवा. दुसरं कोण आलं इथं?" मी त्याला अडवण्याआधीच तो बाहेर गेला आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणाला, "माझं घड्याळ तू घेतलंस."

इथे मी माझी एक गोष्ट लिहिली पाहिजे. त्या क्षणी माझी नजर जोशुआच्या मनगटाकडे आणि तिथून त्याच्या सॅककडे गेली. मी काही बघितले नव्हते, ऐकलेही नव्हते. एका मित्राने म्हटले आणि माझ्या मनाने ते उचलले, एवढेच. जोशुआने माझी ती नजर पाहिली.

त्याने बंदूक बाजूला ठेवली, एक ताडपत्री पसरली आणि आपली सॅक तिच्यावर रिकामी केली. मोजे, सुरी, सुकवलेला मासा, बॅटऱ्या, गोळ्यांची डबी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नातीचा फोटो. "बघा," तो म्हणाला. "सावकाश बघा."

इन्स्पेक्टरने मोजे उलटे करून पाहिले. आमच्यातली एक बाई संतापून तोंड फिरवून उभी राहिली. शेवटी इन्स्पेक्टर म्हणाला, "आज नाही सापडलं."

"मग उद्या परत बघा," जोशुआ म्हणाला.

आणि खरोखर रोज सकाळी निघण्याआधी ताडपत्री पसरली जाऊ लागली. मी इन्स्पेक्टरला एकीकडे घेऊन म्हणालो, "पुरे आता. शोभत नाही हे." तो म्हणाला, "तू त्यांच्या बाजूचा आहेस का?" इतक्या वर्षांत त्याने माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता.

परतीच्या आदल्या दिवशी एक नदी ओलांडायची होती. मांडीपर्यंत पाणी, तेही बर्फाचे. सगळ्यांनी एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून एका रांगेत जायचे होते. समुद्राकडून धुके चढत होते, घाई होती, म्हणून त्या सकाळी ताडपत्री पसरली गेली नव्हती. जोशुआने हात पुढे केला. इन्स्पेक्टरने आपला हात मागे घेतला.

"तपासणी झाली नाही," तो म्हणाला.

बाकीचे चिडले. जोशुआने एकदा धुक्याकडे पाहिले, सॅक खाली ठेवली आणि त्या काठावर पुन्हा सगळे बाहेर काढले. मोजे, सुरी, मासा, बॅटऱ्या, डबी, फोटो. इन्स्पेक्टरने एकेक वस्तू हाताळली, मान हलवली आणि मग त्याच्या कोपरात आपला कोपर घट्ट अडकवला. पाण्याच्या मध्यावर त्याचा पाय घसरला तेव्हा मला मराठीत ऐकू आले, "सोडू नका हं, जोशीबुवा." जोशुआने सोडले नाही.

पलीकडे पोहोचल्यावर इन्स्पेक्टर थंडीने कुडकुडत होता. त्याला कोरडे मोजे द्यावेत म्हणून मी त्याची सॅक उघडली. एका मोज्याच्या टोकाला रुमालात बांधलेले घड्याळ होते. गाठ त्याचीच, दुहेरी. चोरांपासून त्यानेच लपवले होते.

मी ते त्याच्यापुढे धरले. "हे इथं कोणी ठेवलं?" त्याने विचारले. आयुष्यभर तो हजार प्रश्न विचारत आला होता, पण त्यांची उत्तरे त्याला आधी ठाऊक असत. हे उत्तर त्याला ठाऊक नव्हते, आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसत होते.

मी जोशुआची माफी मागितली, इन्स्पेक्टरच्या वतीने आणि माझ्याही. तो माझ्याशेजारी दगडावर बसला. "आजी शेवटी शेवटी चमचे मोजायची," तो म्हणाला. "कोणी चोरले नाहीत असं सांगितलं की रडायची. मोजू दिले की जेवायची." मग त्याने विचारले, "घरी कोण आहे त्याच्या?"

"बायको."

"तिला सांगा."

ऑटावाच्या विमानतळावर शैलावहिनी घ्यायला आल्या होत्या. "काय हो भाऊजी, गाईडला पण छळलं का ह्यांनी?"

"रोज सकाळी त्याची सॅक तपासायचा," मी म्हणालो. त्या हसल्या. मीही हसलो. खरे तेच सांगितले होते, पण गंमत म्हणून सांगितले. इन्स्पेक्टरच तो, संशय घेणारच. त्या नावाआड त्याचा आजार आरामात लपला आणि मी त्याला लपू दिले.

वहिनींना कळायला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर त्याचा त्यांच्यावर दागिने चोरल्याचा आरोप करून झाला होता, आणि त्यांचे एकटीने रडून झाले होते. डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी मला विचारले, "तुम्हाला तिथंच कळलं होतं का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि आत निघून गेल्या. त्यानंतर या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. मीही धीर केला नाही.

इन्स्पेक्टरला केअर होममध्ये ठेवल्यावर मी दर गुरुवारी दुपारी जायचो. खोलीत गेलो की आधी माझी कापडी पिशवी टेबलावर रिकामी करायची. चष्म्याचे घर, पुस्तक, केळे, बसचे कार्ड. तो सगळे तपासायचा, पुस्तक झटकायचा, आणि म्हणायचा, "ठीक आहे. बसा, जोशीबुवा." लायब्ररी हे नाव तो विसरला होता. मला या नावाबद्दल तक्रार नव्हती. ते माझ्यापेक्षा चांगल्या माणसाचे होते.

गेल्या फेब्रुवारीत, गुरुवारीच, इन्स्पेक्टर पहाटे गेल्याचा वहिनींचा फोन आला. मी नेहमीच्या बसने गेलो. खोलीत त्या एकट्याच त्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्याचा चष्मा कपाळावर सरकवून ठेवला होता, तारीख वाचताना असायचा तसा. हातांनी सवयीने पिशवी टेबलावर रिकामी केली, आणि मग आपण हे काय केले ते लक्षात येऊन मी तसाच उभा राहिलो.

वहिनी उठल्या. त्यांनी चष्म्याचे घर उघडून पाहिले. पुस्तक हलकेच झटकले. केळे, बसचे कार्ड. एकेक वस्तू परत पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"ठीक आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "बसा."