आम्ही पोसलेल्या अळ्या

धान्यात सोंडे कुणी आणून टाकत नाही. डबा उघडला की असतातच! आमच्या अकोल्याच्या लॅबमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. आम्ही किड्यांचा अभ्यास करणारी माणसं. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आणि डेंग्यूचे डास ही आमची मंडळी. कोणतं औषध त्यांना अजून मारतं हे बघायचं, तर आधी त्यांना खाऊपिऊ घालून धडधाकट ठेवावं लागतं. एवढ्या मायेनं शत्रू पोसणारे आम्हीच असू!

*

आमचा निखिल मुलगी बघायला भातकुलीजवळच्या एका खेड्यात गेला. जाताजाता शेतात सापळे लावून गेला. या सापळ्यांत मादीच्या वासाची रबरी गोळी असते, त्या वासानं नर पतंग येऊन अडकतात. एक गोळी उरली, ती पठ्ठ्यानं शर्टाच्या खिशात टाकली आणि विसरला.

दिवेलागणीला अंगणात पोहे आले. शेजारीच कपाशी. एक पतंग येऊन निखिलच्या छातीवर बसला. मग दुसरा. मग रांगच लागली! निखिल घामाघूम, मुलगी ओढणीत तोंड लपवून हसतेय.

मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "पोरगा चांगला हाय. आमच्या वावरातली सारी पाखरं आंगावर घेतली त्यानं. लग्न जमो न जमो, येत जाय म्हना अधूनमधून!"

लग्न जमलं.

*

आमच्या लॅबमधली सुषमा घरोघरचे कूलर तपासायला जाते, डासांच्या अळ्या शोधायला. एका घरी भरपूर सापडल्या. घरची बाई ओशाळली आणि पाणी ओतून द्यायला निघाली.

"अहो, सांडू नका!" सुषमा ओरडली. तिला त्या लॅबमध्ये वाढवायला हव्या होत्या. तिनं त्या अलगद बाटलीत भरल्या, बाईंना थँक यू म्हणाली आणि निघाली.

गल्लीच्या टोकाला शेजारीण वाट अडवून उभी. हातात स्टीलचा गडू.

"त्याहिच्या घरचे नेले, मंग आमचे काहून नाई? आमचे डास काय कमी हायेत?"

*

मी परतवाड्याहून जीपनं परत येत होते. जीप ठासून भरलेली, माझ्या मांडीवर भोकं पाडलेला डबा. शेजारचे काका म्हणाले, "खायचं हाय का काई?"

"नाही हो, अळ्या आहेत."

जीपमध्ये इतकी जागा होती, हे मला तोवर माहीत नव्हतं! आता मी परतवाड्याला जाताना रिकामा डबासुद्धा सोबत नेते.

*

आणि हा मागच्या मे महिन्यातला. अकोल्याचा मे, म्हणजे काही सांगायलाच नको. लॅबचा एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट नागपूरहून येईल.

आमच्या गावंडे सरांनी गावोगावची किडकी बोंडं गोळा करून या बोंडअळ्या वाढवल्या होत्या. त्यांच्यावरची चाचणी अर्ध्यावर आली होती. अळ्या उकाड्यानं मेल्या, तर येत्या हंगामात काय फवारायचं हे शेतकऱ्यांना सांगायला आमच्याकडे काहीच उरणार नव्हतं. मी घाबरलेच होते. सर म्हणाले, "माझ्या घरी हलवू."

सरांच्या घरी एसी एकाच खोलीत, आणि त्या खोलीत बाळंतपणाला आलेली त्यांची मुलगी, तान्ह्या बाळासह. गावंडे काकू दारातच उभ्या राहिल्या.

"माझ्या भावाचं वावर खाल्लं याईनं! उभी पऱ्हाटी उपटावी लागली त्याले. अन् आता माझ्या नातीजवळ एसीत झोपतीन?"

आतून मुलगी म्हणाली, "येऊ दे आई. रडत तर नाहीत!"

अळ्यांचे झाकणाचे ट्रे आत गेले.

दोन दिवसांनी काकूंचा तो भाऊ, बंडूमामा, भातकुलीहून बाळ बघायला आला. सरांनी त्याला ट्रे दाखवले, चाचणी कशासाठी आहे ते सांगितलं. मामा वाकून बराच वेळ अळ्यांकडे बघत राहिला. सर आणि मी लॅबकडे निघालो, तेव्हाही तो तिथंच होता.

दुपारी काकूंचा फोन आला, त्यांच्या भागातली लाइट गेली. तासभर झाला तरी येईना. सरांचा चेहरा बघवत नव्हता. माझ्या स्कूटीवरून आम्ही दोघं घराकडे सुटलो. वाटेत सर एवढंच म्हणाले, "संपलं सगळं."

आम्ही खोलीच्या दारात पोचलो. आत मुलगी कॉटवर बसून बाळाला हातपंख्यानं वारा घालत होती. बंडूमामा खाली फरशीवर उकिडवा बसला होता. खांद्यावरचा दुपट्टा ओला करून त्यानं ट्रेंवर पसरला होता, आणि स्वयंपाकघरातलं सूप घेऊन वारा घालत होता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"अरे बंडू," सर म्हणाले, "तू कशाला... बाळाला घाल ना वारा!"

मामानं सूप थांबवलं नाही.

"तिले तिची माय हाय, भाऊजी. याईले कोन हाय?"