अपंगांच्या जागेत लावलेली स्कूटर

१९९८, डिसेंबरातला एक सोमवार. दंड वीस रुपये. हजर तिघे: मी, माझे वडील आणि नगरपालिकेचा शिपाई.

घर वडिलांच्या नावावर, म्हणून घरपट्टी भरायला ते स्वतःच येत. मधुमेहामुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला चार वर्षं झाली होती. पायजम्याच्या आत जयपूर फूट, त्यावर बूट. चालताना जरा लंगडत, एवढंच. कुणी विचारलं तर सांगत, "गुडघा धरलाय."

कचेरीच्या पायऱ्यांना लागून पिवळ्या पट्ट्यांत नवी जागा आखली होती. पाटी होती: फक्त अपंगांसाठी, पास आवश्यक. मी स्कूटर सरळ तिथे लावली. वडील मागे बसलेले असताना जागा आमचीच, असा माझा हिशेब.

"पास दावा," शिपाई म्हणाला.

पास नव्हता. पासाला दाखला लागे आणि दाखल्याला अपंगत्व दिसेल असा फोटो. दोनदा मी वडिलांना स्टुडिओच्या दारापर्यंत नेलं होतं. दोन्ही वेळा ते "पुढच्या बाजारी बघू" म्हणून माघारी फिरले.

मी वडिलांकडे बोट केलं. "हे आहेत ना."

"हे? हे तर माझ्यापेक्षा ताठ हायेत! सकाळपासून तुमच्यासारखे चार आले. एकाची म्हने कंबर धरलेली. गाडी लावली अन् पळतच बँकेत गेला."

एक वाजता भरणा बंद होई. साडेबारा झाले होते. मी वडिलांच्या कानाशी वाकलो. "दादा, पायजमा वीतभर वर करा. मिटलं."



शिपाई जरा नरमला. "बाबा, पायाला काय हाय का? असंल तर दावा, सोडतो मी."

दारापर्यंत आलेल्या भरण्याच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. माझा हात आपोआप वडिलांच्या पायजम्याकडे गेला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरून बाजूला केलं.

"काय न्हाई. गुडघा धरलाय. दंड किती?"

"दंड कशाचा? आपण नियमानं बरोबर आहोत," मी चिडून म्हणालो.

"नियमाला पास लागतो. हाय का तुझ्याकडं?" वडील म्हणाले.

मी स्कूटर फाटकाबाहेर लावून पळत आलो, तोवर ते कठडा धरून पायऱ्या चढत होते. सहा पायऱ्या. प्रत्येक पायरीला माझे हात पुढे जात आणि मागे येत. वर पोचल्यावर त्यांनी घाम पुसला. शिपाई पावतीपुस्तक घेऊन मागोमाग आला होता.

"नाव? गाडी कुनाची?"

गाडी माझी होती. मी तोंड उघडायच्या आत वडिलांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मग खिशातून दहाच्या दोन नोटा काढून शिपायाच्या हातावर ठेवल्या आणि पावती नीट वाचून घेतली.